मदत हवी आहे: पोस्टग्रेसमधून सीएसव्ही आपल्या पीसीवर काढताना
नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचा हिशोब बघतो. डेटाबेस पोस्टग्रेस, सर्व्हर पुण्यात, मी इथं विंडोजवर. साधी 'कॉपी' कमांड फाइल सर्व्हरवरच लिहिते आणि तिथं मला अधिकार नाहीत, म्हणून पीएसक्यूएलमधली (पोस्टग्रेसला कमांड देण्याचा प्रोग्रॅम) बॅकस्लॅशवाली 'कॉपी' वापरतो. फाइल माझ्या मशीनवर नीट उतरते, पण ती कमांड एकाच ओळीत लिहावी लागते आणि क्वेरी चार टेबलं जोडणारी, लांबलचक. टेम्पररी व्ह्यू (क्वेरी तात्पुरत्या नावानं साठवणं) करून त्यातून काढणं बरं, की आणखी सोपा मार्ग आहे?

मोठी अडचण पुढंच. एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलंय, नोटपॅडमध्ये नावं स्वच्छ दिसतात, पण डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की नुसत्या चित्रविचित्र खुणा. पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, शेतकऱ्याचं नाव चुकलेलं मला अजिबात चालणार नाही. फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग ओळखू यावं म्हणूनची खूण) याच कमांडमधून घालता येतो का? कुणी केलं असेल तर नेमकी ओळ टाका, प्लीज.