बेंझिल ब्रोमाइड लागलेली काचपात्रे निर्धोक कशी करावीत? मदत हवी आहे

आमच्या प्रयोगशाळेत फिनॉलपासून बेंझिल ईथर तयार करण्यासाठी बेंझिल ब्रोमाइड वापरले जाते. हा द्रव डोळ्यांना, त्वचेला आणि श्वसनमार्गाला तीव्र दाहक असल्याने मोजण्यापासून अभिक्रिया थांबवण्यापर्यंतचे सर्व काम फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), डोळे पूर्ण झाकणारा गॉगल लावून होते. नायट्राइलच्या हातमोज्यांवर थेंब पडला तर ते लगेच बदलले जातात. खरी अडचण धुण्याच्या वेळी येते. अ‍ॅसिटोनने विसळलेला चंबू कोरडा व स्वच्छ दिसतो, पण ओव्हनमध्ये ठेवताच काचेच्या खरखरीत (ग्राउंड ग्लास) जोडात, विशेषतः तिथे लावलेल्या ग्रीसमध्ये, अडकलेल्या अंशाची वाफ सुटते आणि खोलीतल्या सगळ्यांचे डोळे चुरचुरू लागतात.

नुसते पाणी कुचकामी आहे, कारण हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि त्याचे जलविघटनही सावकाश होते. इथेनॉलमधील सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पात्रे रात्रभर बुडवून पाहिली. त्रास कमी झाला, पण जोडांमधला गेला नाही. अमोनिया व इथेनॉलचे मिश्रण अजून वापरलेले नाही. क्रोमिक आम्ल वापरायचे नाही, आणि हॅलोजनयुक्त टाकाऊ द्रव वेगळाच साठवावा लागतो.

अमोनियाच्या मिश्रणाचे प्रमाण व बुडवण्याचा कालावधी किती ठेवावा, आणि सिल्व्हर नायट्रेटच्या चाचणीत बेंझिल ब्रोमाइड नष्ट झाल्यावर उरलेले ब्रोमाइड आयनही साका (न विरघळणारा गाळ) देत असताना, वास न घेता पात्र निर्धोक झाल्याची खात्री कशी करावी?