आईच्या डोळ्याला लेसर: ऑप्टोमेट्रिस्टने केला तर चालेल का?

सोनचाफा:
आई सध्या आमच्याकडे अमेरिकेत, आर्कान्सा राज्यात आलीय. सहा वर्षांपूर्वी पुण्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन महिने झाले, उजव्या डोळ्याने धुरकट दिसतंय. पोथी वाचताना ओळी पुसल्यासारख्या वाटतात म्हणते. इथल्या ऑप्टोमेट्रिस्टने तपासून सांगितलं, "ऑपरेशनमध्ये बसवलेल्या भिंगामागची पिशवी गढूळ झालीय, याग लेसरने इथेच मोकळी करून देतो." मी चमकलेच. चष्म्याचा नंबर काढणारा माणूस लेसर चालवणार? चौकशी केली तर कळलं, इथे 2019 च्या कायद्यानेच परवानगी आहे. ओक्लाहोमात 1998 पासून, केंटकीत 2011 पासून. चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लॅसिकचं मी बोलत नाहीये. मोतीबिंदूनंतरचा याग आणि काचबिंदूचा लेसर, एवढंच.

माझं स्पष्ट मत, ही परवानगी द्यायला नको होती. चार वर्षं ऑप्टोमेट्री शिकणं वेगळं आणि मेडिकल झाल्यावर पुन्हा डोळ्यांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, करणं वेगळं.

भिंगवाला:
सोनचाफाताई, मी केंटकीत ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि स्वतः याग करतो. "नंबर काढणारा" हे वाचून वाईट वाटलं. डोळ्याचा दाब, काचबिंदूचे थेंब, डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी हे आमचं रोजचं काम आहे. यागमध्ये बाहुली मोठी करतात, पेशंटची हनुवटी टेकवतात, जेल लावलेलं एक लेन्स डोळ्यावर धरतात. नेम धरायचे लाल ठिपके जुळले की बटण. टिकटिक ऐकू येते, दुखत नाही. माझ्याकडे एक आजी डोंगरातून येतात. सर्जन त्यांच्यापासून दोन तासांवर. बाहुली मोठी केल्यावर गाडी चालवता येत नाही, म्हणजे मुलाने रोजगार बुडवायचा. अशी माणसं "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत वर्ष काढतात.

पिंपळपान:
बटण दाबायला शिकता येतं, मान्य. पण फोकस किंचित पुढे आला तर भिंगावरच खड्डा पडतो. दाब चढू शकतो. क्वचित पडदा सुटतो, आणि तेव्हा त्या आजींचा सर्जन दोन तासांवरच असतो ना?

काचबिंदूचं तर आकड्यांतच आहे. 2016 साली जामा ऑप्थॅल्मॉलॉजी या डोळ्यांच्या वैद्यकीय नियतकालिकात ओक्लाहोमातल्या मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा) पेशंटचा अभ्यास आला होता. त्याच डोळ्याला पुन्हा लेसर करावा लागल्याचं प्रमाण ऑप्टोमेट्रिस्टकडे 35.9 टक्के, नेत्रतज्ज्ञांकडे 15.1 टक्के. कॅलिफोर्नियात 2022 मध्ये असंच विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केला. त्यांचं कारण हेच, की प्रशिक्षण पुरेसं वाटत नाही.

भिंगवाला:
तो अभ्यास मीही वाचलाय. काचबिंदूचा लेसर बरेच जण मुद्दाम दोन टप्प्यांत करतात, डोळ्यातलं पाणी निचरा होणाऱ्या जाळीचं आधी अर्धं वर्तुळ, मग उरलेलं. दुसरी वेळ मोजली म्हणून पहिली फसली असं होत नाही.

पिंपळपान:
दोन टप्पे पेशंटच्या भल्यासाठी होते की सवयीने, हेही त्या आकड्यांतून कळत नाही. शंकेचा फायदा मी डोळ्याला देईन, डॉक्टरला नाही.

रानवारा:
मी विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात काम केलंय. आमचे नेत्रचिकित्सा अधिकारी, म्हणजे सर्जन नसलेले, ऑप्टोमेट्रिस्टसारखे लोक, शिबिरात टॉर्च घेऊन शेकडो डोळे बघायचे. पिकलेला मोतीबिंदू कुठला, काचबिंदूचा संशय कुठला, बरोबर ओळखायचे. ऑपरेशन मात्र सर्जनच करायचे. त्यामुळे या मंडळींना मी कमी लेखणार नाही. इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयांत ऑप्टोमेट्रिस्ट याग करतातच, पण नेत्रतज्ज्ञांच्या विभागात राहून. काही अडलं तर हाक मारायला माणूस आहे. अमेरिकेतल्या कायद्यांवर माझा आक्षेप इथेच आहे: एकट्याच्या दवाखान्यात हाक कुणाला मारणार?

सोनचाफा:
रानवारा, हे पटलं. भिंगवाला, तुमचं शिक्षण "नंबर काढण्या"वर आणून ठेवलं ते चुकलं, माफ करा. काल आमच्या ऑप्टोमेट्रिस्टना फोन करून विचारलं, आजवर किती याग केलेत आणि पडदा सुटलाच तर पुढे कोण बघेल? त्यांनी शांतपणे दोन्ही उत्तरं दिली, पडद्याच्या सर्जनचं नावही सांगितलं. तरी आईला गुरुवारी लिटल रॉकला नेत्रतज्ज्ञांकडेच नेतेय. अडीच तासांचा रस्ता आहे. मला रजा मिळते म्हणून जमतंय, तुमच्या त्या आजींच्या मुलाला नाही जमणार, हे कळतंय. मत मात्र तेच आहे.

भिंगवाला:
जरूर न्या. लेसर झाल्यावर काळे ठिपके एक-दोन दिवस तरंगतील, त्याला घाबरू नका. पण कडेला वीज चमकल्यासारखं झालं, ठिपके एकदम वाढले किंवा पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री निघा.