मदत हवी आहे: बैल विकल्यापासून मुलगी 'अवतार' मालिकेत एकाच भागावर अडकली आहे, पुढचं दाखवू का?

पऱ्हाटी:

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही कार्टून मालिका ज्यांनी शेवटपर्यंत पाहिली असेल त्यांचं मत हवं आहे. निळ्या माणसांचा सिनेमा नव्हे, आणि खरे नट घेऊन नंतर केलेलीही नव्हे. निकलोडियनची २००५ ते २००८ ची जुनी, ६१ भागांची.

मुलगी आठ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. तिच्या नागपूरच्या मावसभावाने उन्हाळ्यात टॅबवर सगळे भाग उतरवून दिले. आवाज इंग्रजीत. तिला त्यातलं फार थोडं समजतं, पण चित्र पाहून गोष्ट बरोबर पकडते, आणि अडलं की भावाला फोन लावते. पहिला सीझन मजेत पाहिला. त्यात आंगला, म्हणजे मालिकेतल्या मुख्य मुलाला, आपल्या गुरूचा सांगाडा सापडतो, तेव्हा मीच दचकले होते. ती "हा कोण व्हता?" एवढं विचारून पुढे गेली.

आंगचा एक उडणारा बैल आहे, आप्पा. सहा पायांचा, पांढरा, कपाळावर तपकिरी बाण. (मालिकेत त्याला बायसन म्हणतात, पण आमच्या घरी तो बैलच.) दुसऱ्या सीझनमध्ये वाळवंटातले लोक त्याला बांधून ओढत नेतात. तेव्हा टॉफ नावाची आंधळी मुलगी जमिनीत खचणारं वाचनालय दोन्ही हातांनी धरून उभी असते, कारण आत तिची माणसं अडकलेली असतात. तिला आप्पाला वाचवता येत नाही. आंग येऊन तिच्यावरच ओरडतो.

आणि त्याच आठवड्यात आमच्याकडचा हरण्या विकला गेला. गवळाऊ, पांढराशुभ्र. जोडीतला दुसरा गेल्या वर्षी मेला. पेरणी आता ट्रॅक्टरने होते, डवऱ्यालाही भाड्याची जोडी आणावी लागते, आणि एकट्या बैलाचं करायचं काय? कुटार, ढेप, सगळ्याचेच भाव चढलेले. मामाजींनी (माझे सासरे, मुलीचे आबाजी) बाजारात नेला, दलालाने घेतला. मुलगी शाळेत होती. घरी आली तर कोठा रिकामा.

ती रडली नाही. तेव्हापासून आबाजींशी बोलत नाही. एकदाच बोलली, "तुमी त्याले जाऊ काऊन देल्लं?" आणि आवाज अगदी आंगचा.

आता रोज वाळवंटाचाच भाग लावते. त्यात आप्पाला व्यापाऱ्यांना विकून टाकल्याचं आंगला कळतं, त्याचे डोळे पांढरे चमकायला लागतात, वाळूचं वादळ उठतं. तेवढाच तुकडा मागे घेऊन घेऊन पाहते. "पुढचं लावू का?" म्हटलं की "मले नाही पाह्यचं."

मी पुढचं चाळून पाहिलं. आप्पा परत येतो. माझी अडचण नेमकी तिथेच आहे. हे पाहिल्यावर ती हरण्याची वाट पाहायला लागली तर? तो येणार नाही. दलालाने कुठे दिला, आम्हाला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची हिंमतही नाही. पोळा महिन्यावर आलाय.

तिचे बाबा चाकणला कंपनीत असतात. ते फोनवर म्हणतात, काढून टाक ते, काहीतरी हसायचं लावून दे. बहीण म्हणते, पाहू दे, मोकळी होईल. वयाचा शिक्का सात वर्षांवरच्यांसाठी आहे, पण तो शिक्का मारामारी किती ते सांगतो, माझ्या प्रश्नाचं त्यात काही नाही. अशी मालिका मुलाला झेपेल का, हे तुम्ही कसं ठरवता?

जुना_अँटेना:

ताई, आधी वेळ मोजा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांच्या आत स्क्रीन ठेवायला सांगितलं आहे. टॅब आपल्या ताब्यात ठेवा, निम्मा प्रश्न सुटतो. आणि बैलाचं म्हणाल तर सांगून टाका, दुसऱ्या गावी मजेत आहे, हिरवं गवत खातोय. लेकरं विसरतात.

पऱ्हाटी:

दादा, वीस-बावीस मिनिटांचा भाग आहे, तोही लाइट असली तर. वेळेचा प्रश्न नाही जी. आणि मजेत आहे असं सांगितलं तर रविवारी भेटायला नेऊ म्हणेल. मग कुठे नेऊ?

मास्तर_गोंदियाकडचा:

ताई, मी ही मालिका घरच्या पोरासोबत सगळी पाहिली आहे आणि शाळेतल्या पोरांकडून तिच्या गोष्टी सतत ऐकतो. सविस्तर लिहितो.

तुमच्या पोस्टमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही ओझरती सांगून गेलात: आवाज इंग्रजीत आहे. या मालिकेत भीती आणि राग चित्रात आहेत, आणि धीर बहुतेक बोलण्यात आहे. वादळ, चमकणारे डोळे, ओढत नेलेला आप्पा, हे कोणत्याही भाषेच्या मुलाला कळतं. पण आयरोह काका पुतण्याला काय समजावतो, आंगची मैत्रीण कटारा त्याला काय म्हणते, हे इंग्रजी न येणाऱ्या पोरीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे तिच्या वाट्याला गोष्टीतलं दुखणं पूर्ण आलंय आणि औषध अर्धंच. 'सात वर्षांवरच्यांसाठी' हा शिक्का मारणाऱ्याने भाषा समजते असं गृहीत धरलेलं असतं.

म्हणून काढून टाकू नका, शेजारी बसा आणि आपल्या बोलीत सांगत जा. वाळवंटाच्या भागाच्या शेवटी वादळात कटारा आंगजवळ जाते, त्याचा हात धरते आणि त्याला जवळ ओढून घेते. गप्प बस म्हणत नाही, रागवू नको म्हणत नाही. तो खाली येतो आणि रडतो. तुमची मुलगी वादळापर्यंत पाहून मागे जाते की हा हात धरण्याचा तुकडाही पाहते, ते बघा. माझा अंदाज आहे, ती त्याआधीच मागे जात असेल.

तुमच्या मुख्य प्रश्नाबद्दल. दुःखाचे प्रसंग किती, हे मी मोजत नाही. प्रसंग झाल्यावर त्या पात्राजवळ कोण बसतं आणि गोष्ट त्याला किती वेळ देते, ते पाहतो. पुष्कळ कार्टूनांत कोणी मेलं तरी पुढच्या मिनिटाला विनोद. इथे पुढच्याच भागात आंग 'मला काही वाटतच नाही' अशा थंडपणाने वागतो, कटाराला ते खटकतं, आणि भागाच्या शेवटी निर्वासितांच्या वाटेवर एक बाळ जन्मतं तेव्हा त्याला पुन्हा काहीतरी वाटायला लागतं. मुलगी न रडता गप्प झाली म्हणता, तेव्हा हा भाग तिच्यासाठीच आहे. दुसऱ्या सीझनमधला बारावा.

आता आप्पा परत येण्याबद्दल. तुमची भीती खरी आहे. पण या मालिकेत परत न येणारेही खूप आहेत, आणि गोष्ट त्यांना विसरत नाही. आंगची सगळी माणसं गेलेली आहेत. कटारा आणि सोका यांची आई गेलेली आहे. पंधराव्या भागात छोट्या छोट्या गोष्टी आहेत, त्यात आयरोहची आहे: दिवसभर गावातल्या लोकांना मदत करतो, आणि शेवटी टेकडीवर झाडाखाली लढाईत मेलेल्या मुलाचं चित्र ठेवून गाणं म्हणत रडतो. मुलगा परत येत नाही. त्याच भागात मोमो नावाचा प्राणी आप्पाला शोधत हिंडतो. दोन्ही एकत्र आहेत, तेव्हा तिथेच थांबून बोलता येतं: काही परत येतात, काही येत नाहीत, हरण्या येणार नाही. आप्पा भेटण्याच्या आधीच हे तुमच्या तोंडून तिला कळलेलं बरं.

सोळावा भाग मात्र आधी एकट्याने पाहा. त्यात आप्पा हरवल्यानंतर त्याचं काय काय होतं ते सगळं त्याच्या बाजूने दाखवलं आहे. सर्कशीत त्याला आगीने भिववतात, उपाशी ठेवतात. बैलावर जीव असलेल्या पोरीला तो जड जाईल. ती विचारेल, "हरण्यालेबी असंच करत असतीन का?" आणि त्याचं खरं उत्तर तुमच्याकडे नाही. मी तुमच्या जागी असतो तर हा भाग पोळ्यानंतर ठेवला असता.

चंद्रपूरची_आत्या:

मास्तरांचं सगळं पटलं, पण एक सांगते. दुखणं मालिकेत नाहीच. लेकराला न सांगता बैल गेला, राग त्याचा आहे. आमच्याकडे बैल द्यायचा झाला तर पाय धुवायचे, कपाळाला हळदकुंकू लावायचं, पोळीचा घास द्यायचा, घरातली सगळी त्याच्या अंगावरून हात फिरवायची, मग दावं दुसऱ्याच्या हातात. इथे पोरगी शाळेत असताना झालं. तिला राग दाखवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती त्या वादळात जाऊन बसली. ते काढून घेऊ नका.

आणि पोळ्यापर्यंत आबाजींशी बोललीच पाहिजे असा धाक घालू नका. बोलेल तेव्हा बोलेल. तुमचे मामाजी काय म्हणून राहिले?

पऱ्हाटी:

मास्तर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. आज मागे बसून पाहिलं. डोळे चमकले, वादळ उठलं की लगेच मागे घेते. हात धरण्यापर्यंत जातच नाही.

आत्या, मामाजी काही म्हणत नाहीत. सुताराकडे तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल सांगून आलेत, चाकं लावलेला, पांढऱ्या रंगाचा. तिला कळलं तर म्हणाली, "मले नाही पाह्यजे." ते काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांनाही त्या दिवसाचं लागलं आहे, पण पुरुष माणूस, त्यातून म्हातारं, कुठे बोलणार? पैसे घरात लागत होते, त्यांना दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही.

तो आयरोहचा भाग त्यांनाही बसवून दाखवू का? काल जाता जाता टॅबकडे पाहून विचारत होते, "हा बुढा निरा चहाच पेते का बाप्पा?"

मास्तर_गोंदियाकडचा:

बसवाच. 'ये, आबाजींसोबत पाहू' असं बोलावू नका, ते पाहत असतील आणि ती आली तर आली. आयरोह मोठा सेनापती होता, मुलगा गेल्यावर वेढा सोडून परत आला, एवढं मामाजींना आधी सांगून ठेवा म्हणजे त्यांना धागा लागेल. चहाचं मालिकेत खरंच खूप आहे, ते त्यांना आवडेल.

बोलायचा धाक घालू नका असं आत्यांनी लिहिलं, तसंच माफीबद्दल मालिकेतही आहे. तिसऱ्या सीझनमध्ये कटारा आईला मारणाऱ्या माणसासमोर उभी राहते. त्याला मारत नाही, पण माफही करत नाही, आणि गोष्ट तिला त्याबद्दल बोल लावत नाही. तो भाग आठव्या वर्षी नको, दोन-तीन वर्षांनी दाखवा. तुम्ही मात्र आत्ता पाहा. मुलीवर 'झालं गेलं विसर' हे लादायचं नाही, ते पटायला मदत होईल.

बुलढाण्याची_वाचक:

मी शाळेत समुपदेशक म्हणून काम केलं आहे, म्हणून दोन ओळी. एकच तुकडा पुन्हा पुन्हा पाहणं या वयात नवीन नाही, मुलं न समजलेली भावना अशीच चघळतात. पण जेवण, झोप, शाळा, खेळ यांतलं काही दोन-तीन आठवडे बिघडलेलं राहिलं तर मालिकेचा विचार सोडून माणसाशी बोला. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. आत्ताच्या वर्णनावरून घाबरण्यासारखं वाटत नाही. मैत्रिणींमध्ये खेळते का?

पऱ्हाटी:

खेळते, जेवते, भांडतेही. फक्त कोठ्याकडे जात नाही आणि आबाजींशी अबोला.

असं ठरवलंय: आज वाळवंटाचा भाग शेवटपर्यंत, मी शेजारी बसून सांगत. मग बारावा. पंधरावा मामाजी घरी असतील त्या संध्याकाळी. हरण्या परत येणार नाही हे मीच सांगणार, तिच्या बाबांनाही फोनवर तेच बोलायला सांगितलं आहे. सोळावा पोळ्यानंतर.

शेवटचं एक विचारते. सतराव्यात आप्पा भेटतो, पण तिथेच जेट नावाचा पोरगा मरतो असं दिसलं. आणि सीझनच्या शेवटी आंगला वीज लागते. ते पुढे ढकलून दाखवू का?

मास्तर_गोंदियाकडचा:

जेट मरताना स्पष्ट दाखवलेला नाही, जखमी करून मागे सोडला आहे. तिने विचारलं तर सांगा, मेला असावा. न विचारता सांगू नका. तुकडा पळवला तर मुलं नेमकी तोच शोधून पाहतात. आप्पाला सोडवणारा कोण, ते मात्र तिला स्वतःलाच ओळखू द्या. आतापर्यंत ज्याचा तिला राग आला असेल तोच आहे.

विजेचा भाग रात्री लावू नका. सुटीच्या दिवशी सकाळी लावा आणि लागलीच तिसऱ्या सीझनचा पहिला भाग, त्यात तो शुद्धीवर येतो. त्याच भागात कटारा बाबांवर चिडते, आम्हाला सोडून का गेलात म्हणून. तुमचे हे चाकणला असतात म्हणालात ना? त्या दिवशी ते घरी आले असतील तर बरं, नाहीतर फोन चार्ज करून ठेवा.