पातालपाणीला सासूबाईंना न्यावं का?

प्रश्न: रविवारी इंदूरहून पातालपाणीच्या धबधब्याला जायचंय. बरोबर सहा वर्षांचे चिरंजीव आणि गुडघे धरून चालणाऱ्या सासूबाई. त्या म्हणतात, "मी पोह्यांचा डबा घेऊन वरच बसते गं." बाकीच्यांनी खाली कुंडापर्यंत उतरावं का?

उत्तर १: पावसाळ्यात? मुळीच नको! २०११ च्या जुलैत अचानक लोंढा आला आणि एक कुटुंब त्यात सापडलं. इथे ऊन असलं तरी वर पाऊस पडलेला असतो. सुमारे ३०० फुटांची धार वरूनच बघा.

उत्तर २: पातालपाणीहून सुटणाऱ्या हेरिटेज रेल्वेगाडीचं तिकीट मिळालं तर कालाकुंड स्टेशनपर्यंत जा. बोगदे बघून पोरगं खूश. तिथला कलाकंद मात्र सोडू नका.

प्रश्नकर्ती: कलाकंद ऐकून सासूबाईंचे गुडघे एकदम बरे झालेत. तिकीट बघते.