कॅनिंगच्या आंब्याच्या साली गुरांना: किती घालाव्यात, पावसाळ्यापर्यंत कशा टिकवाव्यात?

खळं (लांजा)
मे महिन्यात जवळच्या कॅनिंगमधून रोज दीडशे किलो आंब्याच्या साली मिळतात, पंचवीसेक दिवस. गोठ्यात दोन जर्सी संकर गाई, एक कोकण कपिला (इथली देशी गाय) आणि सहा शेळ्या आहेत. ताज्या साली गुरं आवडीनं खातात, पण दुसऱ्या दिवशी ढिगाला दारूसारखा वास सुटतो आणि ते खाल्लं की शेण पातळ होतं. जूनमध्ये हिरवं गवत हाताशी येईपर्यंत नुसता पेंढाच असतो, तेव्हासाठी मुरघास (हवाबंद दाबून आंबवलेला चारा) जमेल का? गूळ, युरिया घालायचा का? काजूची बोंडं आणि फणसाची चारखंडंही (गरे काढून उरलेला भाग) वाया जातात.

मांगर
जमेल, आणि चांगला जमेल. पण सालीतलं पाणी आवरलं पाहिजे. शंभर किलो सालीत जवळपास ऐंशी किलो पाणीच असतं. तशाच भरल्या तर रस तळाला साचून सडतो. म्हणून 100 किलो सालीला 20 ते 25 किलो कोरडा भाताचा पेंढा घ्या, इंच-दीड इंच कापलेला. मिश्रण मुठीत घट्ट दाबून बघा. बोटांतून रस ओघळला तर पेंढा कमी पडलाय. हात नुसता ओला झाला आणि मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला, की बरोबर.

मीठ शंभराला अर्धा किलो. गूळ नको, सालीत साखर भरपूर आहे. युरियाही नको. तो एका जागी गोळा राहिला तर विषबाधा होते. साल आणि पेंढा दोन्हीत प्रथिनं कमी, ती दुभत्या गाईला पेंडीतूनच द्या.

200 लिटरचा घट्ट झाकणाचा ड्रम घ्या, रसायनाचा जुना नको. तळाला चार बोटं कोरडा पेंढा, मग वीतभर थर टाकून पायानं तुडवायचं. सगळी मेहनत या तुडवण्यात आहे, कारण आत हवा राहिली की यीस्ट फोफावतं आणि साखरेची दारू करतं. सोलल्यापासून पाच-सहा तासांत ड्रम बंद झाला पाहिजे. पहिले चार दिवस वायूनं झाकण फुगतं, तेव्हा क्लिप क्षणभर सैल करा, पण झाकण उचलू नका. तीन आठवड्यांनी उघडा.

आणि सगळ्या साली उचलू नका. मुरघास जर्सी गाईंना 10-10 किलो, कपिलेला 6, शेळ्यांना एकेक किलो धरलं तर रोजचे 32 किलो होतात. दीड महिन्याला साधारण 1,450 किलो, म्हणजे बारा ड्रम. तेवढ्याला आठ दिवसांच्या साली आणि अडीचशे किलो पेंढा पुरतो.

रवंथ
शेण पातळ होतं ही धोक्याची सूचना आहे. साखर एकदम पोटात गेली की आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, शेणाला आंबूस वास येतो आणि जनावर बसून राहतं. म्हणून आधी पेंढा, मग साल. गाईला सुरुवात एक किलोनं करा आणि आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवा. उपाशी जनावरापुढे सालीचा ढीग कधीच नको. रवंथ थांबला तर मोठ्या गाईला 100 ते 150 ग्रॅम खायचा सोडा पाण्यातून, गाय उभी असेल तेव्हाच, बेताबेतानं पाजा आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा. बसलेल्या गाईला पाजलं तर पाणी फुप्फुसात जातं.

बाठे मात्र एकूण एक वेचून काढा. बाठा घशात अडकला की ढेकर बंद होतो, डावी कूस बघता बघता फुगते आणि हाताशी फार थोडा वेळ उरतो.

वायंगण
बोंडं अख्खी भरू नका, ड्रममध्ये दारूच होते. रस काढून चोथा ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हात कडक वाळवा आणि पोत्यात भरा. त्यात तुरटपणा असतो, तो प्रथिनं बांधून ठेवतो, म्हणून खुराकात थोडाच मिसळावा. एकही बी राहू देऊ नका, टरफलातल्या तेलानं तोंड भाजतं.

चारखंडं कोयत्यानं बारीक करून त्याच दिवशी पेंढ्याबरोबर गुरांना घाला. आठळ्या वेगळ्या काढा, त्या नुसत्या पिठूळ असतात, ढिगानं खाल्ल्या तर पोट बिघडतंच.

खळं (लांजा)
मनापासून आभार, हिशोबच मिळाला. ड्रम उघडल्यावर वर बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचं चालेल?

मांगर
पांढरी, पातळ आणि फक्त वरच असेल तर बुरशी आणि तिच्या खालचं वीतभर काढून टाका, बाकीचं चालेल. उरलेल्याला लोणच्यासारखा आंबट वास हवा. खवट तुपासारखा वास किंवा काळपट चिकट थर असेल तर अख्खा ड्रम खतात.

हिरवी-काळी बुरशी असेल तर दुभत्या गाईला त्यातलं काहीच नको. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. दुधात त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे, इतकी बारीक.

पावसात ड्रम पडवीत ठेवा, एक संपल्याशिवाय दुसरा उघडू नका. आणि मुरघास धार काढल्यावरच घाला, नाहीतर त्याचा वास दुधाला लागतो.