अंदमानला स्कुबा करायचंय पण पोहता येत नाही, कुणी केलंय का?

वरणभात_तूप

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही तिघं अंदमानला चाललोय, मी, बायको आणि १२ वर्षांची लेक. ट्रॅव्हलवाल्याने हॅवलॉकला एलिफंट बीचचं स्नॉर्केलिंग पॅकेजमध्येच टाकलंय, स्कुबा हवं असेल तर माणशी साडेचार हजार वेगळे म्हणतो, आणि वर "सर, पोहता नाही आलं तरी चालतं" हे इतक्या सहज म्हणाला की मला उलट जास्तच धास्ती बसली. पाण्याशी माझा संबंध अंघोळीपुरता. बायकोला बऱ्यापैकी पोहता येतं पण चष्मा आहे, मायनस चार. लेक मात्र पेटलीय, तिला शार्क बघायचाच आहे, आणि तिथे समुद्री साप असतात हे तिनंच कुठेतरी वाचून आईला सांगितल्यामुळे घरात दोन तट पडलेत. तर पोहता न येता खरंच जमतं का, चष्म्याचं काय करतात, खाली काही चावतं-डसतं का, आणि मालवणला हेच निम्म्या पैशात होत असेल तर तिकडे एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

खोलपाणी

ट्रॅव्हलवाला खोटं नाही बोलला, अर्धं बोलला. तुम्ही जे करणार ते डिस्कव्हर स्कुबा, तिकडे सगळे डीएसडी म्हणतात. त्याला सर्टिफिकेट लागत नाही, पोहणं लागत नाही, वय १० पूर्ण हवं म्हणजे लेकीचंही जमतंय. जास्तीत जास्त १२ मीटर, आणि पहिल्यांदा आलेल्याला बहुतेकदा त्याच्या बरंच अलीकडे फिरवतात. इन्स्ट्रक्टर मागून तुमचा सिलिंडर धरून असतो, तोच नेतो तोच आणतो. कोर्स करायचा म्हटलं तर ते प्रकरण वेगळं, ओपन वॉटरला २०० मीटर पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं, मग १८ मीटरपर्यंतची परवानगी.

पोहता न येणाऱ्याची खरी अडचण पोहण्याची नसतेच हो, तो घाबरला की श्वास रोखतो ही असते. आणि स्कुबात बाकी काहीही चुकलं तरी निभावतं पण श्वास रोखून वर येणं नाही. १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते, श्वास चालू असेल तर ती बुडबुड्यांतून निघून जाते, तोंड बंद करून बसलात तर जाणार कुठे? फुफ्फुसच फाटतं. त्यामुळे खोकला आला, उलटी झाली तरी रेग्युलेटर (ज्यातून हवा येते तो तोंडातला भाग) तोंडातच ठेवून करायची (होय, करता येते, तो बनवलेलाच तसा असतो) आणि श्वास घेत राहायचा, तोंडाने, सावकाश.

दुसरं म्हणजे कान. दोन-तीन मीटरवरच दडे बसायला लागतात. नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, दुखायला लागायच्या आधी, आणि थोडं थोडं खाली गेलं की परत. दुखलं तर थांबून जरा वर यायचं, मर्दानगी दाखवत खाली जायचं नाही, पडदा फाटतो. सर्दी असेल तर त्या दिवशीचं डायव्ह रद्द, नाक मोकळं करायची गोळी खाऊन उतरायचं तर अजिबातच नाही, कारण तिचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना हवा आत अडकते आणि ते दुखणं जास्त वाईट.

अजून एक गोष्ट जी आपल्या लोकांना हमखास नडते, ती म्हणजे अंगठा. पाण्याखाली अंगठा वर केला की अर्थ होतो "मला वर न्या". मस्त चाललंय म्हणून सांगायला तर्जनी आणि अंगठ्याची गोल चकती करायची. खाली गेल्या गेल्या खुशीत अंगठा दाखवणारे आणि मग इन्स्ट्रक्टर वर घेऊन चालला की हातवारे करत भांडणारे काका मी स्वतः पाहिलेत :)

चष्मा: नंबरवाले मास्क मिळतात, पण प्रत्येक सेंटरकडे प्रत्येक नंबर नसतो म्हणून बुकिंगच्या वेळीच मायनस चार सांगून ठेवा. पाण्याखाली सगळं तसंही साधारण तिसऱ्या हिश्शाने मोठं दिसतं त्यामुळे थोडा कमी नंबर मिळाला तरी भागतं. सॉफ्ट लेन्स लावूनही जातात लोक, मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोळे मिटायचे एवढंच.

नियमात_बसवा

हॅवलॉक नव्हे, डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरसुद्धा २०२४ पासून श्री विजयपुरम. बोटीची तिकिटं काढताना कुठे जुनं नाव दिसतं कुठे नवं, तेव्हा गोंधळून दोन वेगळी ठिकाणं समजू नका.

प्रवाळवेडी

चावतं-डसतं का याचं उत्तर मी देते, माझा विषय आहे.

समुद्री साप असतात, खरं आहे. तुम्हाला दिसलाच तर पट्टेरी सी क्रेट दिसेल, निळसर करड्या अंगावर काळे पट्टे, शेपूट वल्ह्यासारखी चपटी. विष जहाल असतं पण स्वभाव अगदी गरीब, तो खडकाच्या भेगांमध्ये डोकं घालून ईल (सापासारखे लांब मासे) शोधत फिरत असतो, मध्येच श्वास घ्यायला वर जातो आणि तुमच्या शेजारून गेला तरी तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. हात लावला नाही तर काही होत नाही. मोरे ईल कपारीतून तोंड उघडमीट करत बघतो, दात दिसतात म्हणून लोक दचकतात, तो नुसता श्वास घेत असतो. लायनफिशचे पिसाऱ्यासारखे काटे विषारी, आणि स्टोनफिश तर दगडच वाटतो म्हणून तळावर हात टेकायचा नाही आणि उभं राहायचं नाही. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे ४५ अंशांच्या आसपास, हात-पाय बुडवून ठेवायचा, उष्णतेने विषाचा जोर उतरतो, आणि मग डॉक्टर.

खरा भांडखोर कोण असेल तर टायटन ट्रिगरफिश, हातभर लांबीचा, जाड ओठांचा. तळाशी घरटं करून अंडी राखत असला की अंगावर येतो आणि चावतो. त्याची हद्द घरट्यापासून वरवर रुंद होत जाते, त्यामुळे वर पळालात तर त्याच्याच हद्दीत राहता, आडवं पोहून बाजूला व्हायचं. हे इन्स्ट्रक्टर बघून घेतो, तरी माहीत असू दे.

आता लेकीच्या शार्कबद्दल. हॅवलॉकला व्हाइटटिप रीफ शार्क दिसतात पण ते जॉनीज गॉर्जसारख्या २५-३० मीटरच्या ठिकाणी, डीएसडीच्या आवाक्याबाहेर. दिवसा हे महाशय वाळूत नाहीतर कपारीत चक्क पडून असतात. तिची निराशा होऊ नये म्हणून आधीच सांगून टाका, आणि त्याऐवजी तिला क्लाउनफिश नीट बघायला सांगा. नेमो रीफवर किनाऱ्यावरूनच आत जातात आणि उथळ पाण्यातच समुद्रफुलं (अ‍ॅनिमोनी, ज्यात हे मासे राहतात) आहेत. एका फुलात चार-पाच मासे असतील तर सगळ्यात मोठी ती मादी, त्याखालोखाल तिचा नर, बाकी सगळी बारकी पोरं नुसती रांगेत. मादी मेली की तो नरच मादी होतो आणि रांगेतला पुढचा त्याच्या जागी नर म्हणून येतो. मास्कसमोर येऊन तुम्हाला हुसकावणारी बहुधा ती मादीच असते, बोटभर जीव पण तोरा केवढा! आणि पॅरटफिश दिसला तर क्षणभर हालचाल थांबवून कान द्या, दगडावर दात घासल्याचा कुरकुर आवाज येतो, तो प्रवाळाच्या दगडावरचं शेवाळ खरवडून खात असतो आणि मागून पांढरी वाळू सोडत असतो. एक मोठा पॅरटफिश वर्षाला शेकडो किलो वाळू करतो, म्हणजे ज्या पांढऱ्या किनाऱ्यावर आपण फोटो काढतो त्यातला बराचसा भाग कुणाच्या तरी पोटातून आलेला आहे. हे लेकीला नक्की सांगा, मुलांना भारी आवडतं.

थोडक्यात, तिथलं काही तुम्हाला खात नाही. तुम्ही मात्र तिथलं बरंच मोडू शकता. प्रवाळ म्हणजे दगड नाही, प्राणी आहे, आणि गोल दगडासारखा दिसणारा जो पोराइट्स आहे तो वर्षाला जेमतेम एखाद सेंटीमीटर वाढतो, फिनचा (पायात घालायच्या वल्ह्याचा) एक फटका बसला की किती वर्षांची कमाई गेली ते बघा. धरायला काहीतरी हवं म्हणून सगळे नवखे प्रवाळालाच हात घालतात. हात छातीशी बांधून ठेवा.

किनारा_मालवणचा

आता आमच्या मालवणावर घसरलाच आहात तर मी बोलतो. येवा, कोकण आपलाच आसा, पण खरं सांगायचं तर तेच निम्म्या पैशात होत नाही. आमच्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला प्रवाळ आहेत, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, मासे भरपूर, पण पाणी नितळ नसतं, नद्या-खाड्यांचा गाळ येतो, कधी समोरचं चार हात दिसतं कधी तेवढंही नाही. ऑक्टोबर ते मे चालू असतं, पावसात बंद. तिथे जे करतात ते उथळात पाच-दहा मिनिटांचं असतं, शिडीला धरून खाली, फोटो, वर. भीती मोडायला उत्तम. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबा सेंटर आहे, तिथे पोहण्याच्या तलावात सराव करून घेतात आणि कोर्सही होतात.

माझं मत विचाराल तर अंदमानच्या आधी एका शनिवार-रविवारी इथे या, बाबांचं पाण्याशी जरा जमतंय का बघा, मग तिकडे साडेचार हजार घालवा. पापलेट खाऊन जाल ते वेगळं.

आणि आपल्याकडे खरा मोठा रीफ (प्रवाळांचा पट्टा) आहे तो विजयदुर्गच्या पश्चिमेला १०० किलोमीटरहून लांब, आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. पाण्याखाली बुडालेलं पठारच आहे ते, माथाच २० मीटरच्या आसपास खोल. तिथे हौशी माणसाचं काम नाही, पण महाराष्ट्रात राहून निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं म्हणून लिहिलं.

चिडका_बिब्बा

एलिफंट बीचला जाणार असाल तर फार अपेक्षा ठेवू नका. आम्ही गेलो तेव्हा शंभरेक लोक लाइफ जॅकेट घालून एकाच पट्ट्यात, खाली अर्धे प्रवाळ तुटलेले, आणि आमच्या गाइडने तळातून तारामासा उचलून आणून पोरांच्या हातात दिला, फोटो काढा म्हणे, आणि मग लांब भिरकावून दिला. मी बोललो तर म्हणाला सर सगळे हेच मागतात. पैसे भरून हे बघायचं?

प्रवाळवेडी

@चिडका_बिब्बा, गाइडचं चुकलंच, पण "सगळे हेच मागतात" हे त्याचं वाक्य खोटं नाही ना. आपण नको म्हटलं की तो उचलत नाही. समुद्री काकडी हातात दिली तर तो सरळ गुन्हा आहे, ती वन्यजीव कायद्यात अनुसूचीत आहे, कडक प्रवाळही २००१ पासून अनुसूची १ मध्ये, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंक्तीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात.

तुटलेलं सगळं पर्यटकांनीच तोडलं असं मात्र नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचे काही रीफ चक्क उचलले जाऊन पाण्याबाहेर आले आणि उन्हात मेले, दक्षिणेला इंदिरा पॉइंट खचला. मग १९९८, २०१०, २०१६ ही ब्लीचिंगची, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याची वर्षं. उन्हाळ्यात नेहमी असतं त्याच्या एक अंश वर पाणी काही आठवडे राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतो, रंग जातो आणि अन्नही जातं, कारण त्याचं बहुतेक पोट त्या शैवालावरच चालतं. लगेच मरत नाही, पाणी वेळेत गार झालं तर सावरतो. २०२४ मध्ये लक्षद्वीपला मोठा फटका बसला, त्याच एप्रिलमध्ये जगभरातलं चौथं सामूहिक ब्लीचिंग जाहीर झालं. तेव्हा हाडासारखं पांढरंफटक दिसलं तर "वॉव किती स्वच्छ" म्हणू नका, तो आजारी आहे. निरोगी प्रवाळ बहुतेक मळकट तपकिरी, शेवाळी रंगाचा असतो, इन्स्टावरचे रंग लाइट मारून काढलेले असतात, पाच-दहा मीटरवर लाल रंग उरतच नाही.

वरणभात_तूप

बापरे, एवढं सविस्तर! सगळ्यांचे आभार. लेकीला पॅरटफिशचं सांगितलं, आता ती शाळेत वाळूबद्दल काय काय सांगत सुटलीय देव जाणे. दोन शंका राहिल्या. बायकोला लहानपणी दमा होता, आता वीसेक वर्षं काही त्रास नाही, हे तिथे सांगायचं की नाही? ट्रॅव्हलवाला म्हणतो फॉर्मवर सगळीकडे नो लिहा नाहीतर नेत नाहीत. आणि मला मिशी आहे, भरघोस, मास्कला चालते का?

खोलपाणी

ट्रॅव्हलवाल्याचं अजिबात ऐकू नका. तो फॉर्म सेंटरच्या सोयीसाठी नाही तुमच्या जिवासाठी आहे. दमा असेल तर हवा फुफ्फुसात कुठेतरी अडकू शकते, आणि अडकलेली हवा वर येताना काय करते ते वर लिहिलंच आहे. वीस वर्षं त्रास नाही म्हणजे कदाचित चालेलही, पण ते ठरवणार डॉक्टर. इथूनच निघायच्या आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा, फुंकायची टेस्ट करतील, फिट असल्याचं पत्र घेऊन जा. तिथे जाऊन यस लिहिलं आणि पत्र नसेल तर खरंच नेणार नाहीत, पैसे परत मिळाले तरी दिवस वाया. नाही म्हणाले डॉक्टर तर वहिनींना स्नॉर्केलिंग आहेच, उथळ रीफवर वरूनही भरपूर दिसतं.

मिशीतून पाणी झिरपतं थोडं. नाकाखालची वरची कड जराशी कातरली की मास्कचं रबर कातडीला टेकतं, पूर्ण काढायची गरज नाही. तशीच ठेवलीत तर मध्ये मध्ये मास्कची वरची कड दाबून नाकाने फुंकायचं, पाणी खालून निघून जातं, हे किनाऱ्यावर उथळात शिकवतातच.

आणि हो, स्कुबा शेवटच्या दिवशी ठेवू नका. खाली दाबाखाली नायट्रोजन रक्तात मुरतो, तो निघून जायच्या आत विमानात बसलात तर बुडबुडे होतात. एकाच डायव्हनंतर निदान १२ तास, जास्त केलीत तर १८, बहुतेक सेंटरवाले २४ सांगतात, तेच धरा. हॅवलॉकहून परतीची बोट समुद्र खवळला की रद्द होते, त्यामुळे डायव्ह पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी घ्या म्हणजे मागे मोकळा वेळ राहतो. आयटिनररी आली की इथे टाका, बघून सांगतो.