वजन उतरतंय, धडधड होतेय. थायरॉइड तपासू का?

मनवा:
नमस्कार मंडळी. वय ३६. गेल्या काही महिन्यांत वजन भराभर उतरलंय. डाएट वगैरे काही नाही, उलट सारखी भूक लागते. आधी बरं वाटलं, कौतुकही झालं. पण आता नुसती बसलेली असले तरी छातीत धडधडतं. बाकीचे पांघरूण ओढून झोपतात तेव्हा मला घाम फुटलेला असतो. पोट दिवसातून तीनदा साफ होतं, जुलाब म्हणावेत असं नाही. पाळीही अगदी जेमतेम. परवा सुईत दोरा ओवताना हात इतका थरथरला की लेकीने सुई काढून घेतली. घरचे म्हणतात, टेन्शन घेतेस. मैत्रीण म्हणते, टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घे. पण थायरॉइडने वजन वाढतं ना? आणि उपाशीपोटी जावं लागतं का? केसांसाठी बायोटिनची गोळी चालू आहे, बाकी औषध नाही.

निवांत:
टेन्शनच असणार हो. मलाही परीक्षेच्या दिवसांत असंच व्हायचं. झोप नीट घ्या, चहा कमी करा.

अबोली:
निवांत, टेन्शनने धडधडतं हे खरं, पण गाढ झोपेत नाडी खाली येते. थायरॉइड जास्त असला की झोपेतही ती पळतच असते. रात्री घरच्यांना नाडी मोजायला सांगा.

मनवा, मला स्वतःला ग्रेव्हज, म्हणजे थायरॉइड जास्त होण्याचा आजार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वजन वाढतं ते थायरॉइड मंदावल्यावर. तुमचं वर्णन दुसऱ्या टोकाचं वाटतंय. रक्तात थायरॉइडचं हार्मोन जास्त झालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडणं जवळजवळ बंद करते. त्यामुळे रिपोर्ट उलटा वाचायचा: टीएसएच खाली म्हणजे थायरॉइड वर. नॉर्मल साधारण ०.४ ते ४, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे. एकट्या टीएसएचवर थांबू नका, फ्री टी४ आणि टी३ ही थायरॉइडची हार्मोन्स सोबतच तपासा. काही जणांचं टी३च तेवढं वाढलेलं असतं. उपाशी राहायची गरज नाही. आणि पाळी कमी आहे म्हणताय, तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत टीएसएच एरवीही खाली जातं.

घरी दोन गोष्टी बघा. हात समोर ताणून पालथ्या बोटांवर एक कागद ठेवा, त्याची कड थरथरते का? आणि उकिडवं बसून हात न टेकता उठता येतं का? माझ्या मांड्यांतली ताकद अशी गेली होती की जिना चढताना कठडा ओढत वर जायचे. यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांना हे सांगाच.

लॅबवाला:
ताई, बायोटिन! कुणी बोललंच नाही त्यावर. केसांच्या गोळीत ते बहुतेकदा ५ किंवा १० मिलीग्रॅम असतं, शरीराला रोज लागतं ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. बऱ्याच लॅबच्या किटमध्ये बायोटिनच्या चिकटण्यावरच मोजमाप चालतं. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त येतं. कागदावर हुबेहूब ग्रेव्हज! निदान दोन दिवस आधी गोळी बंद करा, डोस मोठा असेल तर जास्त दिवस, आणि रक्त देताना सांगा. पण म्हणून तपासणी लांबवू नका. बायोटिनने रिपोर्ट बिघडतो, हात थरथरत नाही.

आडवाट:
वयस्कर माणसांबद्दल एक. सासऱ्यांना ना घाम, ना थरथर. नुसते गप्प गप्प, वजन कमी आणि नाडी अनियमित. हृदयाच्या तपासणीला गेलो तेव्हा थायरॉइड सापडला. बसल्याजागी नाडी १२० च्या वर राहत असेल, ठोके चुकत असतील, दम लागत असेल किंवा तापाबरोबर बरळणं सुरू झालं, तर रिपोर्टची वाट न बघता सरळ दवाखाना गाठा.

मनवा:
कागद थरथरला. उठता आलं, पण गुडघ्यांना हात लागलेच. गोळी बंद ठेवून रक्त दिलं. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, टी४ आणि टी३ दोन्ही वाढलेले. प्रेग्नन्सी नाही. डॉक्टरांनी दमा नाही ना विचारून प्रोप्रॅनोलॉल दिली आणि टीआरएबी नावाची तपासणी पाठवली. मुख्य गोळी अजून नाही म्हणाले. हे असं का?

अबोली:
बरोबर केलं त्यांनी. ग्रेव्हजमध्ये अँटिबॉडी ग्रंथीला डिवचत राहतात, म्हणून ती जास्त हार्मोन बनवते. टीआरएबी त्याच शोधते. थायरॉइडायटिसमध्ये मात्र ग्रंथीला सूज येऊन साठवलेलं हार्मोन नुसतं सांडतं. बाळंतपणानंतर हे बऱ्याचदा दिसतं. तिथे मुख्य गोळीचा, म्हणजे कार्बिमॅझोलचा उपयोग नाही. ती नवं हार्मोन बनणं थांबवते, सांडलेल्याचं काही करू शकत नाही. साठा संपला की आपोआप उतरतं, मग काही काळ उलट कमीही पडतं. प्रोप्रॅनोलॉलने धडधड आणि थरथर आवरते, मूळ आजार तिथेच असतो. ती मनाने एकदम सोडू नका.

ग्रेव्हज निघालं आणि कार्बिमॅझोल सुरू झाली, तर एवढं लक्षात ठेवा: घसा दुखून ताप आला की गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या. क्वचित होतं, पण धोक्याचं असतं. सिगारेट ओढत असाल तर बंदच, ग्रेव्हजमधला डोळ्यांचा त्रास त्याने जास्त बिघडतो. आणि टी४ जागेवर आल्यावरही टीएसएच कित्येक आठवडे तळालाच राहतं. तेव्हा घाबरून मनाने डोस वाढवू नका.